रोश ब्वाचा काया : सेगाच्या ठेक्यातून उठलेला विद्रोही सूर

मॉरिशस म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर दोन चित्रे येतात. एक निळ्याशार समुद्राचे, पांढर्‍या वाळूचे आणि मधुचंद्राच्या सहलींचे. दुसरे गंगा तलावाचे, उसाच्या शेतांचे आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बाजूने गिरमिटिया म्हणून तिकडे गेलेल्या, आजही घरी गणपती बसवणार्‍या आपल्या माणसांचे. या दोन्ही चित्रांत न मावणारे तिसरे मॉरिशस आहे. ते आफ्रिका आणि मादागास्करहून बेड्या घालून आणलेल्या गुलामांच्या वंशजांचे, म्हणजे क्रिओल समाजाचे. या मॉरिशसचा आवाज सेगा या नाचगाण्यातून उमटतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्या आवाजाला नवा चेहरा देणारा कलावंत म्हणजे जोसेफ रेजिनाल्ड तोपीझ. जगाने त्याला ‘काया’ या नावाने ओळखले. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी, वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला आणि पुढचे काही दिवस हे शांत, सुखवस्तू समजले जाणारे बेट अक्षरशः पेटले. एका गायकाच्या मृत्यूने एवढा वणवा का पेटावा, हे समजून घ्यायचे तर आधी सेगा समजून घ्यावा लागतो.

हिंदी महासागरातील हे बेट प्रथम डचांनी वसवले. ते सोडून गेल्यावर १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि पुढे उसाच्या मळ्यांसाठी, बंदराच्या बांधकामासाठी मोझांबिक, मादागास्कर व पूर्व आफ्रिकेच्या किनार्‍यावरून गुलाम आणले. काही गुलाम भारतातूनही नेले गेले, ही बाब आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. तेव्हा मुक्त झालेल्यांची संख्या सुमारे ६६ हजार होती. मळेवाल्यांना गुलाम गमावल्याची भरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली, गुलामांना मात्र छदामही मिळाला नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी चार वर्षे त्यांना त्याच मालकांकडे राबावे लागले. ती संपताच बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली आणि ते किनार्‍यालगत मासेमारीकडे, गावकुसाबाहेर, नाहीतर बंदराच्या आसऱ्याला गेले. त्यांची जागा घ्यायला भारतातून गिरमिटिया आले. १८३४ पासून पुढच्या पाऊणशे वर्षांत आलेल्यांचा आकडा साडेचार लाखांच्या घरात जातो. मॉरिशसच्या आजच्या समाजरचनेचे आणि तिच्यातील ताणांचे मूळ या अदलाबदलीत आहे.

मळ्यावरचे काम संपल्यावर, रात्री शेकोटीभोवती गुलाम जमत. तेथे सेगा जन्मला. त्याची वाद्ये तीनच. पहिले आणि मुख्य ‘रावान’, म्हणजे लाकडी कड्यावर बकर्‍याचे कातडे ताणून केलेला मोठा, उथळ डफ. आपल्या डफासारखेच त्याचे कातडे वाजवण्याआधी जाळावर शेकावे लागते. हवेतल्या दमटपणाने ते सैल पडले की आवाज बसतो. म्हणून अस्सल सेगाला शेकोटी हवी. ती केवळ उजेडासाठी नसते. दुसरे ‘मारावान’. उसाच्या तुर्‍याचे दांडे जोडून केलेली ही चपटी पेटी बियांनी भरलेली असते. दोन्ही हातांत आडवी धरून ती हलवली की पावसाच्या सरीसारखा आवाज येतो. तिसरे वाद्य लोखंडी त्रिकोण. गायक ओळ टाकतो, जमलेले लोक ती झेलतात, ठेका हळूहळू चढत जातो. स्त्री-पुरुष समोरासमोर नाचतात. एकमेकांना स्पर्श करत नाहीत. पाय जमिनीवरून फारसे उचलले जात नाहीत, ते घासत पुढे-मागे सरकतात. सारा जोर कमरेवर आणि गुडघ्यांवर असतो. लय रंगात आली की गुडघे मोडत नाचणारे जमिनीलगत येतात. पाय उचलत नाहीत याचे कारण पायातल्या बेड्या, अशी लोकसमजूत आहे. ती खरी असो वा नसो, ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, यातच पुष्कळ काही आले.

गीते जागच्या जागी रचली जात. त्यांत मालकाची टिंगल असे, शेजारणीची कागाळी असे, प्रेम, विरह, दारू आणि मृत्यूही असे. भाषा क्रिओल. फ्रेंच शब्दसंपत्ती, आफ्रिकी व मलागासी वळण आणि पुढे भोजपुरीच्या स्पर्शाने घडलेली ही भाषा आज बेटावरील बहुतेक सर्वजण बोलतात, आणि तरीही दीर्घकाळ तिला ना शाळेत स्थान होते ना कचेरीत. चर्चने सेगा अश्लील ठरवला, गोर्‍या मळेवाल्यांनी रानटी. क्रिओलांपैकी जे थोडे वर चढले, त्यांनाही तो आपला म्हणवत नसे. अभ्यासकांमध्ये शार्ल बेसाक याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रिओल भाषेचा व लोककथांचा संग्रह केला, हा अपवाद.

या उपेक्षेतून सेगाला बाहेर काढले ते ‘ती फ्रेर’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या जाँ आल्फोन्स रावातों या गायकाने. १९०० मध्ये जन्मलेला, मलागासी वंशाचा हा निर्धन माणूस रावान घेऊन गात राहिला. १९६४ मध्ये ल मॉर्न पर्वताच्या पायथ्याशी ‘सेगाची रात्र’ भरवण्यात आली आणि तेथे त्याला सेगाचा राजा म्हणून मुकुट चढवला गेला. ल मॉर्न ही जागा सहज निवडलेली नव्हे. पळालेले गुलाम याच उभ्या कड्याच्या आडोशाला लपत. स्वातंत्र्याची बातमी घेऊन येणार्‍या शिपायांना पाहून, ते पकडायलाच आले आहेत असे समजून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. ती फ्रेर १९९२ मध्ये वारला तेव्हा त्याचे नाव सर्वांना ठाऊक झाले होते. गरिबीने मात्र त्याला अखेरपर्यंत सोडले नाही.

ल मॉर्नच्या त्या रात्रीनंतर सेगा प्रतिष्ठित झाला खरा, पण त्याची किंमतही त्याने मोजली. सर्ज लब्रास यांच्यासारख्या गायकांनी त्याला वाद्यवृंदाची जोड देऊन घरोघरी नेले. किनार्‍यावर हॉटेले उभी राहू लागली, तसा सेगा पर्यटकांच्या जेवणानंतरचा कार्यक्रम झाला. रंगीबेरंगी घेरदार घागरे आणि फुलाफुलांचे सदरे आले, ठरलेले हसू आले. शेकोटीऐवजी दिव्यांचे झोत, रावानऐवजी ड्रमचा संच. शब्दांतली धार गेली. गुलामांचे गाणे पाहुण्यांच्या करमणुकीला लागले, असे म्हणणे कठोर वाटेल. पण ते फारसे चुकीचे नाही.

जोसेफ रेजिनाल्ड तोपीझ याचा जन्म १० ऑगस्ट १९६० रोजी रोश ब्वा येथे झाला. राजधानी पोर्ट लुईच्या उत्तर टोकाला, बंदराला लागून असलेली ही कष्टकर्‍यांची वस्ती. येथील पुरुष गोदीत हमाली करत, मासे मारत. बायका परक्या घरी धुणीभांडी करत. पत्र्याची घरे, अपुरे पाणी, शाळेतून लवकर गळणारी मुले. रेजिनाल्ड त्यांतलाच एक. तो सात वर्षांचा असताना, जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लिम टोळ्यांत रक्तरंजित दंगल झाली. ती शमवायला ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ मार्च रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. दिवस मुद्दाम निवडलेला होता. १२ मार्च हा गांधीजींच्या दांडीयात्रेचा दिवस. बहुसंख्य भारतीय वंशीयांसाठी ही अभिमानाची बाब होती. क्रिओलांपैकी अनेकांना मात्र या नव्या देशात आपले काय होणार, ही धास्ती होती. १९६७ च्या निवडणुकीत मतदारांचा मोठा हिस्सा स्वातंत्र्याच्या विरोधात गेला होता, हे विसरून चालत नाही. नव्या राज्यघटनेने नागरिकांची हिंदू, मुस्लिम, चिनी अशी वर्गवारी केली. उरलेले सारे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ या खात्यात टाकण्यात आले. गोरे मळेवाले आणि त्यांच्या गुलामांचे वंशज एकाच खात्यात! क्रिओल या शब्दाला त्या यादीत जागाच नव्हती.

रेजिनाल्डच्या तरुणपणात मॉरिशस झपाट्याने बदलत होता. १९८० मध्ये बंदरात साखर थेट जहाजात भरणारी यांत्रिक व्यवस्था सुरू झाली आणि पाठीवर पोती वाहणार्‍या गोदी कामगारांची पिढीच्या पिढी निकामी ठरली. रोश ब्वाला याचा मोठा फटका बसला. त्याच दशकात कापड कारखान्यांचे पीक आले, परकीय चलन आले, मॉरिशसला आर्थिक चमत्कार म्हणून नावाजले जाऊ लागले. या चमत्काराच्या पंगतीत क्रिओल वस्त्यांना शेवटची जागा मिळाली. सरकारी नोकरी, पोलीस दल, शेतजमीन यांत त्यांचा वाटा तोकडाच राहिला. गल्लीबोळांत हेरॉइन शिरले. या परिस्थितीला १९९३ मध्ये रॉजर सर्व्हो या क्रिओल धर्मगुरूंनी ‘मालेझ क्रिओल’, म्हणजे क्रिओलांचे दुखणे, असे नाव दिले आणि ते रूढ झाले. पण धर्मगुरूंनी नाव देण्यापूर्वीच हे दुखणे रोश ब्वाच्या एका तरुणाने गाण्यात आणले होते.

सत्तरच्या दशकात जमैकाचे रेगे संगीत आणि बॉब मार्लीचा आवाज जगभरच्या गरीब वस्त्यांत पोहोचला, तसा तो रोश ब्वातही पोहोचला. गुलामांच्या वंशजांनी, समुद्राने वेढलेल्या, ऊस पिकवणार्‍या बेटावर उभे केलेले ते गाणे मॉरिशसच्या क्रिओल पोरांना परके वाटण्याचे कारणच नव्हते. मार्लीची गाणी गाता गाता रेजिनाल्डला त्याच्या १९७८ मधील ‘काया’ या ध्वनिमुद्रिकेचे नाव चिकटले आणि तेच त्याचे नाव झाले. मराठी कानाला या नावातून देह आठवतो. जमैकाच्या बोलीत त्याचा अर्थ वेगळा, तो गांजाशी जोडलेला आहे. योगायोगाची आणखी एक गंमत अशी, की जमैकात गांजाला गांजाच म्हणतात आणि मॉरिशसच्या क्रिओलमध्ये ‘गांजा’चाच अपभ्रंश ‘गान्द्या’ होतो. दोन महासागरांतल्या दोन बेटांवर हा शब्द भारतीय गिरमिटियांच्या बरोबर गेला. कायाने रास्ताफारी पंथ जवळ केला, जटा वाढवल्या आणि त्या पंथाच्या रिवाजाप्रमाणे गांजा ओढणे हा श्रद्धेचा भाग मानला. पुढे त्याच्या आयुष्याचा शेवट याच गोष्टीशी जोडला गेला.

मार्लीची नक्कल करणारे गायक तेव्हा जगभर होते. कायाचे मोठेपण असे, की तो नकलेत अडकला नाही. ‘रासिनतातान’ या आपल्या गटाबरोबर त्याने रेगे आणि सेगा यांची सांगड घातली. ही सांगड वाटते तितकी सोपी नव्हती. रेगे चार मात्रांच्या संथ चालीवर उभा. त्यात गिटारचा फटका मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मध्ये पडतो. सेगा सहा मात्रांचा, आपल्या दादर्‍याच्या अंगाने झुलणारा, पण त्याहून चढा. कायाने रेगेचे बास आणि गिटार तसेच ठेवले आणि त्यांच्या पोटात सेगाची तिप्पट चाल सोडली. परिणाम असा, की ऐकणार्‍याचे डोके रेगेवर डुलते आणि कंबर सेगावर हलते. या मिश्रणाला ‘सेगे’ हे नाव पडले. १९८९ मध्ये त्याची ‘सेगे नू लामिझिक’, म्हणजे सेगे आमचे संगीत, ही ध्वनिफीत आली आणि नव्या प्रकाराचे बारसे झाले. रास नॅटी बेबी यांच्यासारखे इतर कलावंतही याच वाटेने चालत होते. तथापि सेगे म्हटले की लोकांच्या ओठी प्रथम कायाचे नाव येई.

शब्दांच्या बाबतीतही तो एकटा नव्हता, हे सांगायला हवे. सत्तरच्या दशकात, आणीबाणी आणि संपांच्या काळात, मॉरिशसच्या डाव्या चळवळीतून क्रिओल भाषेतील लढाऊ गाण्यांची लाट आली होती. बाम कुतायेन, सिवेन चिनिएन, ग्रुप लातानिए यांनी गाणे सभांमध्ये नेले. भारतीय वंशाचे कलावंतही या लाटेत आघाडीवर होते. मेनवारने रावानला पुन्हा मानाची जागा मिळवून दिली. कायाने ही परंपरा उचलली आणि सभेतून गल्लीत आणली. त्याच्या गाण्यात घोषणा कमी असत, जिव्हाळा अधिक. ‘सिमे लालिमिएर’ म्हणजे प्रकाशाची वाट, ‘रासिन पे ब्रिले’ म्हणजे मुळे जळत आहेत, ‘झिस्त्वार रेव्होल्तां’ म्हणजे चीड आणणारी कहाणी; गाण्यांची ही नावेच त्याचा विषय सांगतात. पूर्वजांची पुसलेली आठवण, शाळेत न शिकवला गेलेला इतिहास, दारिद्र्य, बंधुभाव. एका जमातीचा नेता होण्याचा त्याचा आविर्भाव नव्हता. बेटावरच्या सर्वांनी आपले मूळ ओळखावे आणि एकमेकांना ओळखावे, असे त्याच्या गाण्यांचे सांगणे होते. भारतीय वंशाच्या तरुणांतही त्याचे चाहते होते. शेजारच्या रियुनियन बेटावरही त्याचे कार्यक्रम होत. तरीही त्याची राहणी रोश ब्वाच्या माणसाचीच राहिली. मॉरिशसची बाजारपेठ ती केवढी! सुमारे १२ लाखांच्या देशात ध्वनिफिती विकून कोणी श्रीमंत होत नाही.

१९९९ च्या फेब्रुवारीत महाशिवरात्र नुकतीच पार पडली होती. कावडी घेऊन गंगा तलावाला गेलेले यात्रेकरू घरी परतले होते. १६ फेब्रुवारीला, मंगळवारी, रोझ हिल शहरात एक खुली मैफल झाली. मूव्हमां रेपुब्लिकें या छोट्या राजकीय पक्षाने ती भरवली होती. गांजा ओढणे हा फौजदारी गुन्हा मानू नये, ही तिच्यामागची मागणी. काया तेथे गायला. त्याच आठवड्यात मैफलीत गांजा ओढल्याच्या आरोपावरून त्याला आणि इतर काहींना पोलिसांनी ताब्यात घेतले. इतरांनी आरोप नाकारला आणि ते जामिनावर सुटले. कायाने आपण गांजा ओढतो हे नाकारले नाही. वकिली शहाणपणाच्या दृष्टीने ही चूक असेल. पण जे गाण्यात उघड सांगितले, ते पोलीस ठाण्यात नाकारणे त्याच्या स्वभावात नसावे.

त्याला पोर्ट लुईतील लाइन बॅरेक्स या पोलीस मुख्यालयात, कडेकोट पहार्‍याच्या कोठडीत ठेवण्यात आले. अट्टल गुन्हेगारांसाठीच्या या भागाला लोक ‘अल्काट्राझ’ म्हणत. रविवारी, २१ फेब्रुवारीच्या सकाळी तो तेथे मृतावस्थेत आढळला. कवटीला इजा झाल्याचे शवविच्छेदनात निष्पन्न झाले. नशेची सवय अचानक तुटल्याने तो बेभान झाला आणि त्याने स्वतःच भिंतींवर डोके आपटून घेतले, अशी पोलिसांची बाजू. कुटुंबाने रियुनियनहून न्यायवैद्यक तज्ज्ञाला बोलावून दुसरी तपासणी करवली. या जखमा स्वतः करून घेतलेल्या नाहीत, त्या मारहाणीच्या आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. गांजा सुटल्याने माणूस एवढा बेभान होतो का, हा प्रश्न तर वैद्यकाचे शिक्षण नसलेल्यांनाही पडला.

बातमी दुपारपर्यंत रोश ब्वात पोहोचली आणि लोक रस्त्यावर उतरले. टायर पेटले, रस्ते अडवले गेले. पोलीस ठाणी हे पहिले लक्ष्य होते. कोठडीतील मारहाण ही या वस्त्यांसाठी नवी गोष्ट नव्हती. नवी गोष्ट एवढीच, की या वेळी मेलेला माणूस सर्वांच्या ओळखीचा होता. दुसर्‍या दिवसापर्यंत दंगल बेटाच्या इतर भागांत पसरली. दुकाने आणि गोदामे लुटली गेली, राजधानीचे व्यवहार बंद पडले. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बर्जर अगात हा सेगेचा आणखी एक गायक ठार झाला. जमावाला शांत करण्याचा प्रयत्न करत असताना त्याला छर्रे लागले, असे प्रत्यक्षदर्शींचे म्हणणे होते. दोन दिवसांत सेगेने आपले दोन आवाज गमावले.

पोलीस दलात भारतीय वंशाच्या, विशेषतः हिंदू शिपायांचा भरणा मोठा. त्यामुळे पोलिसांविरुद्धचा राग जातीय रंग घेईल, ही भीती पहिल्या दिवसापासून होती आणि ती खरी ठरली. काही भागांत क्रिओल आणि हिंदू एकमेकांसमोर उभे ठाकले, घरे जाळली गेली. स्वातंत्र्यानंतरच्या तीस वर्षांत मॉरिशसने असे दिवस पाहिले नव्हते. पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम यांच्या सरकारला परिस्थिती आवरणे जड जात होते. अशा वेळी राष्ट्राध्यक्ष कासम उतीम स्वतः वस्त्यांमध्ये फिरले, लोकांशी बोलले. निरनिराळ्या धर्मांचे प्रमुखही पुढे आले. मुस्लिम राष्ट्राध्यक्ष क्रिओल वस्तीत जाऊन हिंदूंवर हात उचलू नका असे विनवतो, हे दृश्यही मॉरिशसचेच. आठवड्याच्या अखेरीस आग विझली. काही जणांचा बळी गेला होता, अनेक जखमी झाले होते. मालमत्तेची हानी प्रचंड होती. ज्याने आयुष्यभर बंधुभाव गायला, त्याच्या नावाने शेजारी शेजार्‍यावर उठला, यासारखी क्रूर विसंगती नाही.

न्यायालयीन चौकशी झाली, कागदांचे ढीग जमले. मात्र कायाच्या मृत्यूबद्दल एकाही पोलिसाला शिक्षा झाली नाही. त्याची पत्नी आणि मुले न्याय मागत राहिली. मॉरिशसच्या लेखकांनी तो आठवडा विसरू दिला नाही. कार्ल द सूझा यांची ‘ले झूर काया’, म्हणजे कायाचे दिवस, ही फ्रेंच कादंबरी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. दंगलीच्या धुरात हरवलेल्या धाकट्या भावाचा शोध घेत निघालेल्या एका हिंदू मुलीची ती कथा आहे. तिचा इंग्रजी अनुवाद २०२१ मध्ये आला.

राज्यव्यवस्थेवर या घटनेचा परिणाम सावकाश झाला. क्रिओलांचे दुखणे हा विषय आता टाळता येण्यासारखा नव्हता. गुलामगिरी आणि गिरमिट या दोहोंच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी २००९ मध्ये सत्य आणि न्याय आयोग नेमण्यात आला. त्याने २०११ मध्ये अहवाल दिला आणि बळकावलेल्या जमिनींपासून वंशभेदापर्यंत अनेक गोष्टी नोंदवल्या. गिरमिटिया जेथे उतरले त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला होता. ल मॉर्नला तो २००८ मध्ये मिळाला. २०१२ पासून प्राथमिक शाळांत क्रिओल हा ऐच्छिक विषय म्हणून आला. तोवर हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी या पूर्वजांच्या भाषा शाळेत शिकवल्या जात होत्या, ज्यांत आपल्या कोकणी-मराठी बांधवांची मुलेही शिकत. मात्र क्रिओल मुलाला त्याची भाषा शाळेच्या दारातच ठेवून यावे लागे. काया ज्या तारखेला गेला, त्याच २१ फेब्रुवारीला युनेस्कोने त्या वर्षाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून मान्यता दिली. त्याचे कारण ढाक्याचे, मॉरिशसचे नव्हे. पण क्रिओलमध्येच गाणार्‍या या गायकाचे चाहते ही तारीख विसरत नाहीत.

पारंपरिक मॉरिशियन सेगाचा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २०१४ मध्ये समावेश झाला. भोजपुरी विवाहगीतांचा, म्हणजे गीत-गवईचा, २०१६ मध्ये. रॉद्रिग्ज बेटाचा ढोलाचा सेगा २०१७ मध्ये त्या मालिकेत आला. चागोस द्वीपसमूहातून इंग्रजांनी हुसकावून लावलेल्या विस्थापितांचा सेगा २०१९ मध्ये, तोही तातडीने जपण्याची गरज असलेल्या कलांच्या यादीत. म्हणजे ज्या नाचाला एकेकाळी धर्मपीठावरून दूषणे दिली गेली, तो आता राष्ट्राची शान ठरला आहे. आज गावोगावी लहान मुले रावान शिकतात. कातड्याऐवजी कृत्रिम पडदा लावलेले रावानही आले आहेत; ते पावसात सैल पडत नाहीत, त्यांना जाळावर शेकावे लागत नाही आणि हॉटेलांना ते सोयीचे पडतात. जाणकार मात्र अजून बकर्‍याच्या कातड्याचाच आग्रह धरतात.

सेगेचे पीक कायानंतर मॉरिशस, रियुनियन, सेशेल्स सर्वत्र आले. त्याची गाणी पुन्हा पुन्हा मुद्रित झाली, नव्या गायकांनी गायली. ज्या मागणीसाठी तो रोझ हिलच्या मंचावर चढला होता, ती मात्र पूर्ण झालेली नाही. २०२२ मध्ये कायद्यात बदल करून औषध म्हणून गांजाच्या मर्यादित वापराला वाट देण्यात आली, एवढेच. रोश ब्वाच्या भिंतींवर जटाधारी कायाची चित्रे रंगवलेली दिसतात आणि दर फेब्रुवारीत तेथे त्याची गाणी लागतात. ती ऐकणार्‍यांत १९९९ नंतर जन्मलेली मुलेच आता अधिक असतात.